बारक्या ट्रेलरला दांडे कशाला?

ओर्लिन ब्राटन हा आमच्या गावचा शहाणा. शहाणे काय, गावोगावी असतात. पण याचं सगळं शहाणपण एकाच गोष्टीवर एकवटलेलं : कुणाच्या गाडीमागं कुठला ट्रेलर आहे आणि तो नीट जोडलाय की नाही. आमच्या नॉर्थ डकोटात ऑक्टोबर लागला की म्हातारी मंडळी आपापली चाकांवरची घरं गाडीमागं लावतात आणि ॲरिझोनाच्या वाळवंटाकडं निघतात, ती बर्फ वितळल्यावरच परत येतात. निघायच्या दिवसांत ओर्लिन हात पाठीमागं बांधून गल्लोगल्ली हिंडायचा. बोलावलेलं कुणी नसायचं. वाकून जोड बघायचा, तोंडानं 'च्यक' करायचा आणि समोरच्याचा धीर पुरता सुटला की मग तोंड उघडायचा.

"मागची पाण्याची टाकी भरलीस का? रिकामी कर. आधी रिकामी कर ती. मागं वजन टाकलंस की हा झोकांड्या खायला लागणार. मग तू त्याला ओढत नाहीस बाबा, तो तुला ओढतो."

हे मात्र तो खरं सांगायचा, त्यात खोट काढायला जागा नाही. पण दांड्यांचा विषय निघाला की त्याला चेव चढायचा. दांडे म्हणजे पोलादाच्या दोन लांब पट्ट्या. गाडी आणि ट्रेलर यांच्या जोडात त्यांचं एकेक टोक बसवायचं आणि दुसरी टोकं साखळीनं ताणून ट्रेलरच्या चौकटीला अडकवायची. मग ट्रेलरच्या तोंडाचं ओझं गाडीच्या एकट्या मागच्या चाकांवर बसत नाही, पुढच्या चाकांवरही वाटलं जातं. मोठ्या ट्रेलरवाल्यांनी लावले तर ओर्लिन काही म्हणायचा नाही. पण एखाद्या छोट्या ट्रेलरखाली दिसले की संपलं. "काय रे, काठ्या टेकत निघालास? बारक्या ट्रेलरला दांडे कशाला?"

त्याचा स्वतःचा ट्रेलर सोळा फुटी, आत दोन माणसं एकमेकांना धक्का न लावता वळली तर नशीब. आणि ओढायला होता दांडगा पिकअप ट्रक. त्या ट्रकला ट्रेलर मागं आहे की नाही हेसुद्धा कळत नसावं. असा ट्रक असल्यावर कुणीही दांड्यांना हसेल. त्यात ओर्लिनचं कर्तृत्व काय ते मला कधी कळलं नाही.

माणूस तसा कष्टाळू. सगळी उमर धान्याच्या कोठारावर गेली. गव्हाची धूळ खाल्ली, शिड्या चढला, उतरला. शेवटच्या वर्षी शिडीवरून पडला आणि उजवा खांदा कामातून गेला. आता हे गावात कुणाला ठाऊक? कुणालाच नाही. चर्चच्या तळघरात कॉफीचा कप तो डाव्या हातानं उचलायचा आणि कुणी बघितलंच तर म्हणायचा, "मी लहानपणापासून डावराच आहे, शाळेत मास्तरांनी मारून मारून उजवा केला." आणि लोकांनी ते खरं मानलं. आम्ही लोक असे, समोरच्याच्या दुखण्यात नाक खुपसत नाही.

त्याची बायको मार्व्हिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावातल्या निम्म्या लोकांनी तिच्या हातची बटाट्याची हॉटडिश, म्हणजे आमच्याकडचा भट्टीत भाजलेला थरांचा पदार्थ, खाल्लेली. मूलबाळ नव्हतं. बाई बोलायला मिस्कील, आणि ओर्लिनला ओळखून पुरती. तो गल्लीत लोकांचे जोड तपासत फिरायचा तेव्हा ती म्हणायची, "माझा नवरा दौऱ्यावर गेलाय."

मग मार्व्हिसची फुप्फुसं थकली. नाकात नळी आली, खोलीत प्राणवायूचं मशीन घरघरायला लागलं. ट्रकची पायरी उंच, ती चढता चढता तिला धाप लागायची आणि दाराला धरून ती उभीच राहायची. एक दिवस ओर्लिननं ट्रक विकून टाकला आणि बुटकी गाडी आणली, जिच्यात ती सहज बसेल. ट्रकवर त्याचा जीव होता, पण एका शब्दानं बोलला नाही. हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

डॉक्टरनं त्या सप्टेंबरात सरळ सांगितलं, "हा हिवाळा इथं काढू नका. या थंडीत यांची छाती टिकणार नाही." मार्व्हिसची धाकटी बहीण व्हर्ना ॲरिझोनातच असायची. तिथली कोरडी ऊब मार्व्हिसला मानवायची. घरी येताना ती ओर्लिनला म्हणाली, "मला तिथं ने रे. मरायचंच असेल तर उन्हात खुर्ची टाकून मरेन. या बर्फात नको."

"मरायच्या गोष्टी कसल्या करतेस? नेतो ना."

"आधी कबूल कर."

"केलं कबूल. झालं?"

त्या वर्षी सामान वाढलं. प्राणवायूच्या टाक्या, मशीनसाठी जास्तीच्या बॅटऱ्या, वीज गेली तर म्हणून जनरेटर. हे सगळं ओर्लिननं ट्रेलरच्या पुढच्या भागात रचलं, रचायला हवं होतं तसंच. मग ट्रेलरचं तोंड नव्या गाडीवर टेकवलं आणि गाडी मागं मटकन बसली. पुढचे दिवे आभाळाकडं.

मार्व्हिस दारात उभी होती. "ओर्लिन, आपली गाडी प्रार्थनेला बसलीय का?"

त्याला हसू आलं नाही. त्यानं न्हाणीघरातला वजनकाटा आणला, फळी टाकली आणि ट्रेलरचं तोंड त्यावर टेकवून बघितलं. काटा गरकन फिरून टोकाला गेला. गाडी विकणाऱ्यानं बजावलं होतं की तोंडाचं वजन फार असेल तर ही गाडी दांड्यांशिवाय चालवू नका, पुढची चाकं हलकी पडतात आणि गाडी वळवलेली वळत नाही. म्हणजे प्रश्नच नव्हता. ट्रेलर बारका असेना का, गाडीही आता बारकीच होती. दांडे लावायलाच हवेत, हे ओर्लिनला त्या क्षणी स्वच्छ कळलं.

दोन घरं सोडून गेलन राहतो. त्याच्याकडं जुने दांडे पडून होते. ओर्लिन गेला आणि बराच वेळ गव्हाच्या पिकाबद्दल बोलत राहिला. शेवटी गेलननंच ओळखलं. "गाडी बसली ना रे मागं? शेडमध्ये दांडे आहेत, घेऊन जा." त्यानं टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं असं मला वाटतं. दोघं हसले असते आणि गाडी पुढं गेली असती.

घरी येऊन ओर्लिननं गाडी आणि ट्रेलर आपल्या शेडमध्ये घेतले आणि दार आतून लावून घेतलं. जोडाचं डोकं बसवलं, दांडे अडकवले, इथवर सगळं ठीक. मग आली साखळी ताणायची वेळ. दांड्याचं टोक वर ओढून कडीत अडकवायचं, त्यासाठी लांब मूठ असते, ती जोर लावून वर दाबायची. त्यानं उजव्या हातानं जोर लावला. खांद्यात आग पेटली. डाव्यानं लावला, तर दांडा निम्म्यावर आला आणि मूठ उसळून त्याच्या कोपराला बसली. पुन्हा लावला. पुन्हा उसळली. अरे, आयुष्यभर धान्याची पोती फेकलेला माणूस तो! जमिनीवर बसून राहिला आणि रडला. बाहेर परसदारच्या पायरीवरून मार्व्हिसची हाक आली, "ओर्लिन, कॉफी झालीय हं!" तसं त्यानं तोंड पुसलं, दांडे पोत्यात घातले आणि दार उघडलं.

दुसऱ्या दिवशी तो दांडे परत द्यायला गेला.

"नको रे. बारक्या ट्रेलरला कशाला हे?"

गेलननं त्याच्याकडं नीट बघितलं. "मी येऊन चढवून देऊ का? पाच मिनिटांचं काम."

"छे, छे. तुला कशाला त्रास."

आता इथं आमची रीत सांगायला हवी. आमच्याकडं पहिल्यांदा विचारल्यावर हो म्हणणं हा हावरटपणा. दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणणं, तर जरा घाईच झाली. तिसऱ्यांदा विचारलं की मग मान तिरकी करून म्हणायचं, बरं, तुझा आग्रहच आहे तर. कॉफीचं तसं, केकचं तसं, मदतीचंही तसंच. पोरांना बोलायला यायच्या आधी हे येतं.

"त्रास कसला? चल ना, आत्ता येतो."

"नको म्हटलं ना. तुझी स्वतःची कामं पडलीत."

दुसरं नको झालं. ओर्लिन पोतं हातात धरून उभा राहिला. आता हा तिसऱ्यांदा विचारणार आणि मग आपण हो म्हणायचं, फार तर खांद्याचंही सांगून टाकायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. तेवढ्यात पाद्रीबाबांची गाडी दारात येऊन उभी राहिली. रविवारच्या जेवणाचं काहीतरी विचारायचं होतं. गेलन तिकडं वळला आणि बोलत बोलत लांब गेला. ओर्लिन थोडा वेळ थांबला, बुटांकडं बघत. मग पोतं गेलनच्या पायरीवर ठेवून घरी आला.

आणि मग त्यानं ते केलं, जे करू नका म्हणून तो साऱ्या गावाला ओरडून सांगायचा. बॅटऱ्या, जनरेटर, टाक्या, डबाबंद अन्न, हत्यारांची पेटी, सगळं त्यानं डाव्या हातानं एकेक करून ट्रेलरच्या पार मागं, पलंगाखाली नेऊन ठेवलं. मागची पाण्याची टाकी काठोकाठ भरली. तोंडाचं वजन उतरलं. गाडी सरळ झाली, दिवे रस्त्याकडं आले. लांबून बघितलं तर कसं देखणं दिसत होतं सगळं!

मार्व्हिस धापा टाकत येऊन बघून गेली. "मागं वजन टाकायचं नाही असं तूच सांगतोस ना लोकांना?"

"थोडंसंच आहे."

"थोडंसं?"

"बारका ट्रेलर आहे, मार्व्हिस. दांडे नकोत याला. मला कळतं की तुला?"

 ती नळी सारखी करत आत गेली.

गावातून एक फेरी मारून बघितली, छान चालला. प्रवासाच्या पहिल्या दिवशीही काही झालं नाही. मार्व्हिस खुशीत होती, व्हर्नाला फोन करून म्हणाली, माझी खुर्ची काढून ठेव. ओर्लिनचा जीव भांड्यात पडला. त्याला वाटलं, उगाच घाबरलो.

दुसऱ्या दिवशी वायोमिंग लागलं. तिथला वारा माहीत असलेला माणूस त्याला वारा म्हणत नाही, शिवी देतो. उताराचा रस्ता होता आणि मागून एक भलाथोरला मालट्रक आला. तो बाजूनं पुढं जाताना त्याच्या आडोशानं वारा थांबला आणि तो पुढं गेल्यावर सगळा एकदम अंगावर आला. ट्रेलरचं शेपूट डावीकडं गेलं. मग उजवीकडं. मग त्याहून जास्त डावीकडं. आरशात ओर्लिनला आपला ट्रेलर कधी या बाजूला दिसे, कधी त्या. अशा वेळी गाडीच्या ब्रेकला हात लावायचा नाही, पाय तर नाहीच नाही. हेही तो लोकांना सांगायचा. पण शेजारी मार्व्हिसनं "ओर्लिन!" म्हटलं आणि त्याचा पाय ब्रेकवर गेला.

ट्रेलर आडवा झाला, गाडीला फिरवून घेऊन गेला आणि दोन्ही मिळून जायच्या-यायच्या रस्त्यांमधल्या चरात पडले. ओर्लिनला खरचटलं, एवढंच. मार्व्हिसच्या तीन बरगड्या मोडल्या. तुमच्याआमच्या बरगड्या मोडल्या तर आपण सहा आठवडे कण्हतो आणि उठतो. तिची छाती आधीच श्वासाला महाग. श्वास घेताना दुखायचं, म्हणून ती घेईना. खोकवेना, म्हणून कफ साचला. परक्या गावातलं लहानसं इस्पितळ, खिडकीबाहेर वारा. ओर्लिन खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसलेला असायचा. व्हर्ना निघाली होती, पण घाटात बर्फ पडलं आणि रस्ते बंद झाले.

एका दुपारी मार्व्हिस शुद्धीवर होती. तो म्हणाला, "ते दांडे..."

"माहितीय मला."

"काय माहितीय?"

"शेडच्या फटीतून बघितलं मी. कॉफीला बोलवायला आले होते. तू खाली बसला होतास." ती थांबली, श्वास गोळा केला. "मग मागं पायरीवर गेले आणि तिथून मोठ्यानं हाक मारली. तुला तोंड पुसायला वेळ मिळावा म्हणून."

"मग बोलली का नाहीस, बये? गेलनला सांगायचंस! अगं, मला दोन थोबाडीत मारायच्या होत्यास!"

"तुझं तोंड लोकांपुढं पडलेलं मला बघवलं नसतं रे." मग म्हणाली, "चुकलंच माझं."

तिनं स्वतःची चूक म्हणावी! त्यानं तिचा हात धरला आणि हमसून हमसून रडला. तो रडत असताना तीच त्याच्या हातावर थोपटत राहिली. पुढं ती फारशी बोललीच नाही. आठवडा संपायच्या आत गेली. तिला गावी आणून पुरेपर्यंत जमीन गोठायला लागली होती.

चर्चच्या तळघरात जेवण झालं. हॅमचे सँडविच, हॉटडिश, पांचट कॉफी. सगळे एकच म्हणत होते, वाऱ्यापुढं कुणाचं काय चालतं? ओर्लिन मान हलवत होता. गेलन त्याच्या बाजूला बसला होता, पण दांड्यांचं त्यानं नाव काढलं नाही.

तो हिवाळा ओर्लिननं एकट्यानं काढला. कुणी दार वाजवलं तर कॉफी करायचा, गेलं की पुन्हा खिडकीशी. पुढच्या ऑक्टोबरात मंडळी निघायला लागली, पण हा हिंडला नाही. जोड बघायला कुणाकडं गेला नाही. गेलन आणि त्याची बायको नेल्डा निघायच्या सकाळी मात्र निरोप द्यायला म्हणून गेला.

गेलन आत खिडक्या बंद करत होता. बाहेर नेल्डा एकटीच गाडी जोडत होती. नेल्डा म्हणजे चिमुकली बाई, बोटं संधिवातानं वाकडी झालेली, लोणच्याची बाटलीसुद्धा शेजाऱ्याकडून उघडून घेते. तिनं ट्रेलर गाडीवर टेकवला, खटका लावला. मग ट्रेलरच्या तोंडाशी जो उभा जॅक असतो, त्याचं हँडल फिरवायला लागली. ट्रेलरचं तोंड वर उचललं गेलं, त्याच्याबरोबर गाडीचं बूडही वर आलं. दांड्याची साखळी सैल पडून लोंबली. नेल्डानं दांडा उचलला, दोन वाकड्या बोटांनी कडी अडकवली, मूठ तळहातानं नुसती लोटली. बसली. पलीकडं जाऊन दुसरी बसवली. मग जॅक खाली घेतला, गाडी आपल्या वजनानं खाली आली आणि दांडे ताणून टणक झाले.

ओर्लिन बघत होता. "नेल्डा," तो म्हणाला, "जोर नाही लावावा लागत?"

"जोर? कसला? आधी जॅकनं गाडीसकट वर घ्यायचं, मग पोरसुद्धा लावेल." ती हसली. "तू नाही का असंच करत? अरे हो, तुला कधी दांडे लागलेच नाहीत."

ओर्लिन खाली वाकला. त्यानं जॅक पुन्हा वर फिरवला, डाव्या हातानं. दांडा सोडवला. मग उजव्या हातानं, त्या मेलेल्या उजव्या हातानं, कडी उचलून जागेवर ठेवली आणि मूठ लोटली. बसली. खांदा दुखलासुद्धा नाही.

गेलन पायऱ्या उतरून आला आणि थबकला. ओर्लिन जोडाशी गुडघ्यावर बसला होता, हात मुठीवर.

"हे मला ठाऊक नव्हतं," ओर्लिन म्हणाला. "सगळ्या गावाला शिकवलं मी आणि हे मला ठाऊक नव्हतं. माझ्यानं उचलवेना, गेलन. माझा खांदा गेलाय कधीचा. म्हणून परत आणून दिले तुझे दांडे. वारा नव्हता तो. मी सगळं वजन मागं टाकलं होतं. मी मारलं तिला."

नेल्डानं तोंडावर हात ठेवला. गेलन त्याच्याशेजारी मातीत बसला.  तो नुसता ओर्लिनच्या त्या दुखऱ्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिला आणि ओर्लिननं तो हात झटकला नाही.